माणसाची जातच वाईट म्हणे

आमच्या गावाला राक्षसाचं नाव आहे हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की त्याला खोटं वाटतं. कथा अशी की कोल्हासुर म्हणून एक राक्षस होता, देवीनं त्याला मारला, आणि मरता मरता त्यानं वर मागितला की ह्या जागेला माझं नाव राहू दे, देवी हो म्हणाली. झालं. आता देऊळ अंबाबाईचं आणि गाव राक्षसाचं, आणि 'जगात भारी कोल्हापुरी' असं गाडीच्या मागच्या काचेवर लिहून फिरताना आपण नाव कुणाचं मिरवतोय हे कुणाच्या डोक्यात पण येत नाही.

बरं एकदा मारून भागलं का तर तसंपण नाही. दरवर्षी नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते आणि तिथं कोहळा फोडतात, कोहळा म्हणजे तोच राक्षस. कुमारिकेच्या हातनं त्रिशूळ लागतो, कोहळा फुटतो आणि पुढं जे होतं ते एकदा बघाच, त्या कोहळ्याच्या तुकड्यासाठी पब्लिक एकमेकांच्या अंगावर पडतं, चपला हरवतात, पोलीस ओरडून दमतात. तुकडा घरात आणला की बरकत येते अशी समजूत आहे. म्हणजे राक्षस मारायचा आणि त्याचीच फोड घरी न्यायची. लहानपणी आईसोबत मी पण ढकलाढकली केलीय, एकदा बोटाएवढी फोड मिळाली होती तर चार दिवस गल्लीत सांगत हिंडत होतो. (आणि टेंबलाई टेकडीवर का बसली माहितेय का, राक्षसाशी लढायला मदत तिनं केली आणि जिंकल्यावर तिलाच मान द्यायचा राहिला म्हणून रुसून बसली. देवांच्यात पण हे असलं चालतं म्हणजे बघा.)

हे सगळं आठवायचं कारण रंकाळा तलावावरचा वाद. सकाळी फिरायला येणारे आमचे एक काका आहेत, बँकेतनं रिटायर, रोज पेपरातली एक तरी खुनाची बातमी वाचून दाखवतात आणि शेवटी ठरलेलं वाक्य टाकतात, "माणसाची जातच वाईट रे. राक्षस आत असतोच, चान्स मिळाला की बाहेर येणार, तू काय मी काय, कोण थांबवणार." बाकीचे मान हलवतात, चहा येतो, विषय संपला. त्या दिवशी मला काय उत्तर सुचलं नाही म्हणून आता लिहितोय.

आधीच सांगतो, वाईट करायची ताकद प्रत्येकात आहे हे मला मान्य आहे. नुसत्या माणसातच नाही, टांझानियात गोंबेच्या जंगलात जेन गुडॉल बाईंनी १९७४ ते १९७८ ह्या काळात बघितलं की चिंपांझींच्या एका टोळीनं शेजारच्या टोळीतल्या नरांना एकटं गाठून गाठून मारलं, आणि ती दुसरी टोळी आधी ह्यांच्यातलीच होती, फुटून वेगळी झालेली. म्हणजे भावकीच. तेव्हा आपलं रक्त लई पवित्र आहे असला दावा मी करत नाही. माझं भांडण काकांच्या पुढच्या अर्ध्या वाक्याशी आहे, 'कोण थांबवणार'. पळायची ताकद पायात असते म्हणून माणूस दिवसभर पळत सुटत नाही, कुत्रं मागं लागलं तर पळतो किंवा बक्षीस असेल तर पळतो. मग पळवलं कशानं हे विचारायला नको का?

आणि दुसरं म्हणजे तो शब्द, 'जात'. आपण सहज म्हणतो, पण हा शब्द एकदा कायद्यात गेला होता. इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्यात आख्ख्याच्या आख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पोर जन्मलं की गुन्हेगार, अजून त्यानं आईचं दूध सोडून काही घेतलेलं नाही तोवर. नाव नोंदवा, हजेरी द्या, परवानगीशिवाय गाव सोडू नका. हा कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं, म्हणजे देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं झाली तरी ही माणसं कागदावर गुन्हेगारच.

आणि त्याच काळात आमच्या संस्थानात काय झालं तर शाहू महाराजांनी १९१८ ला महार, मांग, रामोशी, बेरड ह्यांची रोजची हजेरी बंद करून टाकली. फासेपारध्यांबद्दल तर सगळा मुलूख म्हणायचा की चोरी ह्यांच्या रक्तात आहे, महाराजांनी त्यांना बोलावून घेतलं, राहायला जागा दिली, काम दिलं आणि काम कसलं दिलं तर सोनतळीला पहाऱ्याचं. ज्यांच्यापासनं राखायचं त्यांनाच राखण दिली! आणि महाराजांच्या मुक्कामाची राखण त्या माणसांनी केली. रक्तातलं असतं तर त्या रात्रीच सगळं साफ झालं असतं की नाही. रक्तात काय नव्हतं, पोटात नव्हतं, आणि सगळ्यांनी दार लावून घेतलेलं होतं, एवढंच. हे मी काकांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते "महाराजांची गोष्ट वेगळी". ते मलापण मान्य आहे, त्यावर येतो.

आधी आमच्या तालमीतल्या एका पोराचं सांगतो. नाव नको, आपण त्याला पैलवान म्हणू, आहेच तो. २०२१ च्या जुलैत पंचगंगेला पूर आला, राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या पुढं, २०१९ च्या आठवणी अजून ओल्या होत्या आणि परत तेच, हायवे बंद, शाहूपुरीत कुंभार गल्लीत पाणी, गणपतीच्या मूर्ती अर्ध्या भिजलेल्या अर्ध्या माळ्यावर चढवलेल्या. हा पैलवान दोन दिवस पाण्यात होता. छातीभर गढूळ पाणी, खाली काय आहे दिसत नाही, आणि एका आजींना ह्यानं खांद्यावरनं आणलं, आजी वरनं त्याला शिव्या घालतायत की माझी मांजरं राहिली, तर हा परत गेला आणि पिशवीतनं दोन मांजरं घेऊन आला. मी दोर धरून उभा होतो, डोळ्यानं बघितलंय. नंतर त्याला विचारलं, अरे भीती नाही वाटली का, तर म्हणतो, "सगळीच उतरली होती दादा, मी एकटा काठावर कसा थांबणार?"

आता २०२३. ६ जूनला शिवराज्याभिषेक दिन, त्या दिवशी कुणाच्या तरी मोबाइलवरच्या स्टेटसवरनं पेटलं, ७ जूनला कोल्हापूर बंद, शिवाजी चौकात गर्दी, मग दगडफेक, लाठीचार्ज, इंटरनेट बंद. त्यात आमचा पैलवान होता. ज्या दुकानांवर दगड पडले त्यांच्या मालकांचा त्या स्टेटसशी काडीचा संबंध नाही, ज्यानं ठेवलं त्याचं बघायला पोलीस होते, दुकानदारानं काय केलं होतं? ह्याच्या हातात दगड होता आणि तो त्यानं मारला, हे त्यानंच मला सांगितलं, लपवलं नाही. मी म्हटलं का रे. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "सगळीच मारत होती दादा."

बघा, वाक्य तेच आहे. मला त्या रात्री झोप नाही आली. पुरात उतरायचं कारण जे, दगड मारायचं कारण तेच. काकांच्या हिशोबानं पुरातला पैलवान म्हणजे वरचा मुखवटा आणि दगड मारणारा तोच खरा. का बरं? मांजरांसाठी परत गेलेला खोटा कशावरनं ठरवला? वाईट केलं की 'खरा चेहरा दिसला' म्हणायचं आणि चांगलं केलं की 'नाटक', हा कुठला न्याय आहे, काकांनी बँकेत असले हिशोब खपवून घेतले असते का.

अमेरिकेत १९६१ ला येल युनिव्हर्सिटीत स्टॅन्ली मिलग्राम नावाच्या प्रोफेसरनं एक प्रयोग केला होता, तो बहुतेकांनी ऐकलेला असतो पण अर्धाच. साधी माणसं बोलावली, सांगितलं की पलीकडच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की त्याला विजेचा झटका द्या, प्रत्येक चुकीला वाढवत न्या, १५ व्होल्टपासनं ४५० पर्यंत. पलीकडचा माणूस नाटक करत होता, झटका कुणालाच बसत नव्हता, पण बटण दाबणाऱ्याला ते माहीत नव्हतं. ४० जणांतले २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले, कारण शेजारी कोट घातलेला साहेब शांतपणे सांगत होता की पुढं चालू ठेवा. हे सांगून लोक म्हणतात बघा, माणूस आतनं सैतान. पण ह्याच प्रोफेसरनं पुढं आणखी एक केलं. मशीनपाशी एकाच्या जागी तिघं बसवले, त्यातले दोघं त्याचेच. एकानं १५० व्होल्टला सांगितलं मी करणार नाही, उठला, दुसरा २१० ला उठला. तिसरा, म्हणजे खरा माणूस, एकटा राहिला. मग किती जण शेवटपर्यंत गेले? ४० मधले ४. माणसं तसलीच साधीसुधी, मशीन तेच, साहेब तसाच. फरक काय तर शेजारी बसलेल्या दोन माणसांनी नाही म्हटलं.

२६ चे ४ होत असतील तर त्याला मी अटळ म्हणणार नाही, तुम्ही म्हणा पाहिजे तर. ते ४ उरतात हे पण खरं आहे, त्यावर पण येतो.

आता महाराजांची गोष्ट वेगळी का नाही ते. गंगाराम कांबळ्यांचं हॉटेल कोल्हापुरात सगळ्यांना ठाऊक आहे. राजवाड्याच्या नोकरीत असताना वरच्या जातवाल्यांच्या पाण्याला हात लावला म्हणून गंगारामला फोडून काढलेला, महाराजांनी त्याला पैसे दिले, त्यानं चहाचं दुकान काढलं. आता दुकान काढलं पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? म्हणून महाराज स्वतः गाडी दुकानासमोर उभी करायचे, चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि गाडीत बरोबर बसलेल्यांना पण प्यायला लावायचे. आपण ही गोष्ट राजाच्या मोठ्या मनाची म्हणून सांगतो, ते आहेच, पण मला त्यातला दुसरा कप महत्त्वाचा वाटतो. बरोबरचे जे सरदार-दरकदार होते ते काय रातोरात सुधारले नसणार, एकेकाच्या घशाखाली तो घोट उतरला नसेल, तरी प्यायले, कारण पहिला कोणीतरी प्यायला होता. जो माणूस त्या दिवशी चहा प्यायला तोच आदल्या वर्षी गंगारामला मारणाऱ्यांच्या बाजूनं पण उभा राहिला असेल. स्वभाव काय चहाच्या एका कपात बदलतो होय?

पण राजा होता म्हणून जमलं, असं म्हणाल तर माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो, ही मी फारशी कुणाला सांगितलेली नाही.

१९९६ च्या शेवटी शेवटी ते बालहत्याकांड उघडकीला आलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गावित म्हणून आई आणि तिच्या दोन मुली, गर्दीत चोऱ्या करायच्या आणि चोरीत कामाला येतात म्हणून लहान पोरं पळवायच्या, पकडलं तर कडेवर पोर आहे म्हणून लोक सोडतात. पोर रडायला लागलं, नकोसं झालं की मारून टाकायचं. १३ मुलं पळवल्याची केस होती. ते वर्ष ज्यांनी कोल्हापुरात काढलंय त्यांना माहितेय गावात काय वातावरण होतं, आया पोरांचं मनगट सोडत नव्हत्या, शाळेच्या दारात पालकांच्या रांगा. मी तेव्हा अकरावीला होतो. एसटी स्टँडवर एका बाईला लोकांनी घेरलं, फिरस्ती बाई होती, कडेवर पोर, पोर गोरं आणि बाई काळी एवढ्यावरनं कुणीतरी ओरडलं की पळवलंय. मिनिटात पन्नास माणसं. एकानं तिचे केस धरले. आणि मी काय केलं, मी तिची पिशवी ओढली. जोरात, तिच्या हाताला हिसका बसेल अशी. पिशवीतनं सुया, पोत, बिब्बे आणि फडक्यात बांधलेली भाकरी खाली पडली आणि कुणीतरी त्या भाकरीवर पाय दिला, तो मी असेन किंवा नसेन, मला खरंच आठवत नाही आणि आठवत नाही हेच मला टोचतं.

एक कंडक्टर होता, खाकी कपड्यातला, तिकिटाची पेटी काखेत, वय पन्नाशीचं, अंगानं काडी. तो मध्ये घुसला आणि एवढंच म्हणाला, "ए, हात काढा. पोर कुणाचं हे पोरालाच विचारूया की." आणि पोराला बाईच्या कडेवरनं घ्यायला हात केले तर पोरानं बाईच्या गळ्याला जी मिठी मारली आणि भोकाड पसरलं, बघणाऱ्याला पुरावा तेवढा बास होता. तो तिला चौकशीच्या खिडकीमागच्या खोलीत घेऊन गेला आणि गर्दी अशी विरघळली की जणू कोणी नव्हतंच. मला घरी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? सगळेच ओढत होते. पैलवानाला मी कुठल्या तोंडानं बोलू सांगा.

तो कंडक्टर राजा नव्हता, पैलवान नव्हता. पन्नास जणांत एक निघाला. एकोणपन्नास राक्षस होते का? मी त्यातला एक होतो, मी संध्याकाळी क्लासला गेलो, रात्री आमटी-भात खाल्ला. आणि तो नसता तर? हा प्रश्न मला १ जुलै २०१८ ला परत आला, धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला जेव्हा भिक्षा मागत फिरणाऱ्या डवरी गोसावी समाजातल्या ५ जणांना मुलं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत घालून लोकांनी ठार मारलं. तिथं गर्दीला थोपवणारं कुणी मिळालं नाही. बळी कोण ते पण बघा, परत भटके, परत तेच 'ह्यांची जातच तसली'. १८७१ चा कायदा कागदावरनं गेला, मोबाइलमध्ये आला.

आता उरलेले ते ४. गावित मायलेकींना गर्दीनं काय करायला लावलं नव्हतं, शेजारी साहेब नव्हता, सगळीच मारत होती असं काय नव्हतं. सहा वर्षं थंड डोक्यानं चाललं होतं. त्याचं उत्तर माझ्याकडं नाही, गरिबीतनं झालं म्हणावं तर त्यांच्याहून गरीब लाखो बायका पोरांना उपाशीपोटी छातीशी धरून झोपतात. असली माणसं असतात, थोडी असतात, आणि त्यांच्यासाठी कोर्ट, जेल, पोलीस लागतातच, मी काय साधू नाही. पण गंमत बघा, त्या केसचं पुढं काय झालं. २००१ ला कोल्हापूरच्या कोर्टानं दोघी बहिणींना फाशी सुनावली, आई त्याआधीच कोठडीत मेली होती, २००६ ला सुप्रीम कोर्टानं फाशी कायम केली, दयेचा अर्ज २०१४ ला फेटाळला गेला, आणि २०२२ ला हायकोर्टानं फाशीची जन्मठेप केली, का तर अर्जाच्या निकालाला सरकारनं इतकी वर्षं लावली म्हणून. फाशी व्हायला पाहिजे होती का नको हा वेगळा वाद. मला एवढंच दिसतं की ज्याला आपण सगळ्यात मोठं राक्षसी कृत्य म्हणतो त्याची फाइल टेबलावर पडून राहिली, आणि फाइल पाडून ठेवणारे कोणी राक्षस नव्हते, पाच वाजता घरी जाणारी माणसं होती, त्यांना पण वाटत असणार की सगळेच असं करतात.

म्हणून मला काकांचं वाक्य खटकतं. ते ऐकायला लई खोल वाटतं, पण त्याचा उपयोग कुणाला होतो बघा. पहिला दगड ज्यानं मारायला लावला, जो स्वतः एसीत बसला होता, त्याला होतो, कारण दोष गेला माणसाच्या स्वभावावर. उभं राहून व्हिडिओ काढणाऱ्याला होतो. आणि मला होतो, माझी पिशवी ओढलेली त्यात बसून जाते, काय करणार बाबा, आत राक्षस आहे. आपल्या जुन्या लोकांनी काम-क्रोध वगैरे सहा जणांना रिपू म्हटलंय, शत्रू. घरात शत्रू शिरलाय म्हणणं वेगळं आणि घरच शत्रूचं आहे म्हणणं वेगळं, दुसऱ्यात दाराला कडी लावायची पण गरज उरत नाही.

पैलवानाला हे सगळं मी सांगायला गेलो नाही, त्याला लेक्चर आवडत नाही. त्याच्यावर केस झालीय, तारखा चालू आहेत. तालमीत आता पोरं त्याच्याकडं बघून वागतात, तो पाण्यात उतरला की वीस उतरतात, आणि हे त्याला माहीत आहे, त्यामुळं थोडा गप्प झालाय. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी सहाला त्याचा फोन आला. बंधाऱ्यावर पाणी ३९ च्या वर, इशारा पातळी ओलांडलेली, चिखली आंबेवाडीकडनं फोन यायला लागलेत, आणि त्याच दिवशी अकरा वाजता कोर्टात तारीख. म्हणाला, "दादा, आधी कुठं जाऊ?"

मी म्हटलं तारखेला जाऊन ये. दोर माझ्याकडं आहे, तोपर्यंत मी पोरांना घेऊन पुढं होतो.